आठ डॉलर, एक गॅरेज आणि गाळलेली माणसं

सांता क्लारा काउंटीत गोष्टींना पाट्या लागतात. पालो आल्टोमध्ये ॲडिसन ॲव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाच्या घरामागे एक छोटं गॅरेज आहे. बिल ह्यूलेट आणि डेव्ह पॅकार्ड यांनी तिथे कामाला सुरुवात केली, १९३९ साली भागीदारी केली. पन्नास वर्षांनी राज्य सरकारने त्या गॅरेजला ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला आणि बाहेर 'सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान' अशी पाटी बसली. सॅन होजेच्या बेरिएसा रोडवर डेनीज नावाचं एक साधं हॉटेल आहे. तिथल्या एका टेबलाशी सप्टेंबर २०२३ मध्ये पाटी लागली, कारण जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीएम या तिघांनी तिथे बसून एन्व्हिडियाचा बेत केला. कंपनी १९९३ची, मुख्यालय सांता क्लारा शहरात. हुआंग पंधराव्या वर्षी ओरेगनमधल्या एका डेनीजमध्ये भांडी घासायचे, हेही ते आवर्जून सांगतात. भांडी घासणारा पोरगा आणि लाख कोटी डॉलरची कंपनी, दोन्ही एकाच हॉटेलच्या साखळीत! जाहिरातवाल्याने हे रचलं असतं तर 'फारच जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवलं असतं.

या खोऱ्याचं नावदेखील एका पत्रकाराच्या लेखमालेतून पसरलं. डॉन होफ्लर यांनी जानेवारी १९७१ मध्ये 'इलेक्ट्रॉनिक न्यूज'मध्ये इथल्या चिप कंपन्यांवर लिहिलं, मथळ्यात 'सिलिकॉन व्हॅली' घातलं, आणि जर्दाळू-आलुबुखाऱ्याच्या बागांचा मुलूख बघता बघता वेगळ्याच गोष्टीचा झाला. अशा गावात राहणाऱ्या माणसाला आज-उद्या कुणीतरी विचारतंच: तुझी गोष्ट काय?

हा प्रश्न आता नोकरी मागणाऱ्याला, भांडवल मागणाऱ्याला आणि ग्रीन कार्ड मागणाऱ्यालाही चुकत नाही. टॉम पीटर्स यांनी १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लिहिलं की प्रत्येकाने स्वतःला एक कंपनी समजावं आणि त्या कंपनीचं मार्केटिंग स्वतः करावं. 'पर्सनल ब्रँड' हे शब्द त्या लेखानंतर सर्वांच्या तोंडी झाले. २००३ मध्ये याच काउंटीत लिंक्डइन सुरू झालं आणि त्या सल्ल्याला रोजची जागा मिळाली. तेव्हापासून स्वतःची गोष्ट सांगून नाव कसं उभं करायचं यावर पुस्तकं, कोर्स, कोच यांचं पीक आलं आहे. त्यातलं बरंचसं 'सुरुवात पकड घेणारी हवी, मध्ये संघर्ष हवा, शेवटी शिकवण हवी' एवढ्यात संपतं. त्यात मला रस नाही. मला रस आहे तो अशा गोष्टी कुणासाठी सांगितल्या जातात, त्यातून कोण गाळलं जातं आणि गाळलेलं नंतर काय करतं, यात.

मराठी माणसाची अडचण सुरुवातीलाच उभी राहते. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं मोजताना स्वतःची स्तुती करणारा आणि वाडवडिलांची कीर्ती सांगणारा, दोघांनाही त्या यादीत बसवलं आहे. आपल्या घरांत 'टिमकी वाजवू नको' हे पाढ्यांच्या आधी शिकवलं जातं. मग सनीव्हेल, कुपर्टिनो, सांता क्लारा या पट्ट्यात एखाद्या रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडलेला असतो, बाजूला पोह्यांच्या रिकाम्या बशा, आणि ले-ऑफमध्ये सापडलेला मित्र मुलाखतीची उजळणी करत असतो.

"मागच्या प्रोजेक्टमध्ये आम्ही पेमेंटची सिस्टीम बदलली."

"आम्ही म्हणजे कोण? तू काय केलंस ते सांग ना."

"अरे, सहा जणांची टीम होती."

"टीमला नाही ना नोकरी द्यायची त्यांना."

मोठ्या कंपन्यांच्या मुलाखतींत उत्तराचा साचा ठरलेला असतो: परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू काय केलंस, परिणाम काय झाला. साचा वाईट नाही. बोलताना फाफटपसारा कमी होतो. पण त्या चार घरांत सहा जणांना जागा नसते. उजळणी घेणारा मित्र व्यवहाराने बरोबर असतो आणि अडखळणारा मित्र सत्याने. मुलाखत घेणारा मुरलेला असला तर तो तिसऱ्या प्रश्नाला हेच विचारतो: बाकीच्या पाच जणांनी काय केलं? घोकून आलेला तिथे अडकतो, काम केलेला माणूस तिथे खुलतो.

गोष्ट लक्षात राहते, याला आधार आहे. स्टॅनफर्डचे चिप हीथ वर्गात विद्यार्थ्यांना मिनिटभराची भाषणं करायला लावत आणि थोड्या वेळाने काय आठवतंय ते विचारत. गोष्ट आठवणारे ६३ टक्के निघाले, एखादी आकडेवारी आठवणारे ५ टक्के. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली दाखवलं की गोष्टीत गुंगलेला वाचक तिच्यातल्या चुका कमी पकडतो आणि तिच्या मताकडे अधिक झुकतो. ब्रँडवाले पहिला निष्कर्ष हौसेने सांगतात. दुसऱ्यातली धोक्याची घंटा त्यांना ऐकू येत नाही. 'गोष्ट आकडेवारीपेक्षा २२ पट लक्षात राहते' हे वाक्यही याच कोर्समधून फिरतं, जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर. त्यामागचा प्रयोग कुठला, हे ते वाक्य छापणारा कुणी सांगत नाही. गोष्टींचं महत्त्व पटवायला शेवटी आकडाच लागला, आणि तोही बिनबापाचा.

मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांचं काम मला यापेक्षा मोलाचं वाटतं. अमेरिकेतली कर्तीसवरती माणसं स्वतःचं आयुष्य सांगताना एक ठरावीक वळण घेतात, असं त्यांना आढळलं: हाल, मग त्या हालांतून उगवलेलं काहीतरी चांगलं. हे वळण त्या समाजाच्या अंगवळणी पडलेलं आहे, धर्मातून, गुलामीतून सुटलेल्यांच्या आत्मकथांतून, बाहेरून आलेल्यांच्या कहाण्यांतून. सांता क्लाराला उतरलेल्या भारतीयाला हा साचा तयार मिळतो. त्यात घालायला त्याच्याकडे एक आकडाही तयार असतो.

तो आकडा म्हणजे आठ डॉलर. विनोद धाम यांचा जन्म १९५०चा, पुण्यातला. दिल्लीत इंजिनिअर होऊन ते १९७५ साली अमेरिकेला शिकायला आले, पुढे सांता क्लारातल्या इंटेलमध्ये गेले आणि १९९३ साली बाजारात आलेल्या पेंटियमचे 'जनक' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत खिशातले आठ डॉलर असतातच. त्या पिढीतल्या इतर अनेकांच्या आठवणींतही तोच आकडा येतो, आणि ऐकणारा अमेरिकन चकित होतो की एवढे सगळे एवढेच पैसे घेऊन कसे आले. कारण रुक्ष आहे. त्या वर्षांत भारतात परदेशी चलनाचा दुष्काळ होता आणि देश सोडणाऱ्याला सरकार तेवढीच रोकड नेऊ देत होतं. हॉटमेलचे सबीर भाटिया १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला उतरले तेव्हा त्यांच्या खिशात २५० डॉलर होते, कारण तोवर मर्यादा वाढली होती. म्हणजे हा आकडा घरच्या गरिबीपेक्षा सरकारच्या चलननियमाबद्दल जास्त सांगतो. फौजदाराचा मुलगा असो की गिरणीमालकाचा, विमानतळावर दोघांचे खिसे सारखेच.

आठ डॉलर खोटे नाहीत. त्यांच्या शेजारी जे ठेवायला हवं ते ठेवलं जात नाही, एवढंच. सरकारी कॉलेजात नाममात्र फीमध्ये मिळालेली पदवी, अमेरिकन विद्यापीठाची शिष्यवृत्ती, १९६५ साली बदललेला अमेरिकेचा स्थलांतर कायदा, विमानाच्या तिकिटासाठी कुणीतरी मोडलेली ठेव. हे सगळं गोष्टीत आलं तर नायक लहान होत नाही, पण 'एकट्याने केलं' ही चमक जाते, आणि ब्रँडला नेमकी तीच हवी असते. पेंटियमवर शेकडो इंजिनिअर खपले होते; हॉटमेलचे जॅक स्मिथ हे सहसंस्थापक भारतात किती जणांना आठवतात?

आणि तरीही या गोष्टी सांगायची गरज होती, हे मान्य करायला हवं. ऐंशीच्या दशकात इथल्या गुंतवणूकदारांचा समज असा की भारतीय माणूस इंजिनिअर म्हणून उत्तम, पण कंपनी चालवायला तो नको. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९९ सालच्या अहवालात स्थलांतरित इंजिनिअरांना लागणारी हा अदृश्य अडसर नोंदवला आणि त्याच्याच बरोबरीने हेही मोजलं की १९८० ते १९९८ या काळात व्हॅलीत निघालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा चिनी वा भारतीय वंशाची माणसं चालवत होती. समजुतीवर उतारा म्हणून उदाहरणं लागतात. सुहास पाटील यांनी खरगपूरला आणि एमआयटीला शिकून सिरस लॉजिक उभी केली. १९९२ साली ते आणि इतर काही जण एकत्र आले आणि 'टाय' ही उद्योजकांची संस्था निघाली, जिचे मेळावे वर्षानुवर्षं सांता क्लाराच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरत आले. नव्या माणसाने जुन्याची कहाणी ऐकायची, जुन्याने नव्याला ओळख आणि भांडवल मिळवून द्यायचं, अशी ती रीत. तिथे गोष्ट सांगणाऱ्याला ओळखणारी माणसं पहिल्या रांगेत बसलेली असत. थाप मारायची तरी पंचाईत.

पहिल्या रांगेत साक्षीदार नसले की काय होतं, याची उदाहरणं काउंटीत घराघरांत आहेत. ईबे निघाली ती संस्थापकाच्या वाग्दत्त वधूला पेझ गोळ्यांच्या डब्या अदलाबदल करता याव्यात म्हणून, ही गोड कथा वर्षानुवर्षं छापून आली; ती कंपनीच्या जनसंपर्क विभागाने पत्रकारांसाठी रचली होती, हे ॲडम कोहेन यांच्या २००२च्या पुस्तकात उघड झालं. लॉस गॅटोसच्या नेटफ्लिक्सची, भाड्याची कॅसेट उशिरा परत केल्याबद्दलच्या ४० डॉलर दंडाची गोष्टही अशीच. सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी २०१९ साली स्वतःच्या पुस्तकात सांगून टाकलं की ती सोयीची होती, खरी सुरुवात बरीच वेडीवाकडी होती. लॉस अल्टोसच्या ज्या गॅरेजात ॲपल जन्मली म्हणतात, तिथे यंत्रांची रचना काही झाली नाही, असं तिचे सहसंस्थापक वॉझनियॅक यांनी २०१४ साली सांगितलं. त्यांनी आपलं बरंच काम ह्यूलेट-पॅकार्डमधल्या टेबलावर बसून केलं होतं. या तिन्ही कंपन्यांचं काही बिघडलं नाही, कारण माल खरा होता.

माल खरा नसला तर तीच कला थेट कोर्टात पोचते. एलिझाबेथ होम्स यांच्या थेरानोसची कथा साच्यात चपखल बसणारी होती: एकोणिसाव्या वर्षी सोडलेलं स्टॅनफर्ड, सुईची भीती, कर्करोगाने गेलेला नातेवाईक, काळा टर्टलनेक. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तात शेकडो तपासण्या होतील, हा दावा मात्र खरा नव्हता. 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या जॉन कॅरीरू यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ते बाहेर काढलं; जानेवारी २०२२ मध्ये सॅन होजेच्या कोर्टात दोष सिद्ध झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकरा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. गुंगलेल्या ऐकणाऱ्याला चुका दिसत नाहीत, हा ग्रीन-ब्रॉक यांचा निष्कर्ष इथे नामांकित संचालक मंडळाला लागू पडला. चुका दिसल्या त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यांना, ज्यांचा गोष्टीत कुठे उल्लेखही नव्हता.

व्हॅलीतल्या मराठी घरांत आज सर्वांत मन लावून लिहिली जाणारी आत्मकथा वेगळीच आहे, आणि तिचा वाचक एक सरकारी अधिकारी आहे. ग्रीन कार्डांवर दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. म्हणून 'असाधारण गुणवत्ता' या वर्गातून, ईबी-१ए मधून, अर्ज करणारे वाढले आहेत. दहा निकषांपैकी तीन तरी पुरे करावे लागतात: पुरस्कार, इतरांच्या कामाचं परीक्षण, प्रसारमाध्यमांत आलेली दखल, मूळ योगदान, मोक्याची जबाबदारी वगैरे. २०१० सालच्या कझारियन खटल्यापासून पुढे आणखी एक पायरी आली. तीन खुणा झाल्या तरी अधिकारी सगळं चित्र एकत्र पाहून विचारतो, हा माणूस खरोखर त्या क्षेत्राच्या शिखरावर आहे का? वकील अर्जदाराला सांगतात, तुमची एक सलग कथा हवी. 'टिमकी वाजवू नको' ऐकून वाढलेला माणूस मग स्वतःबद्दल शेकडो पानं जमा करतो. यातून काही जणांना आपण केलेल्या कामाची पहिल्यांदाच नीट ओळख होते, हे खरं. पैसे भरून मिळणारे पुरस्कार आणि ओळखीने छापून येणाऱ्या मुलाखतींचा बाजारही यातूनच फोफावला, हेही तितकंच खरं. शिफारसपत्रांत मात्र एक जुनी शहाणी अट टिकून आहे: ज्याने काम जवळून पाहिलं त्याने नेमकं काय पाहिलं ते लिहावं. विशेषणांनी भरलेलं पत्र तिथे फिकं पडतं.

अमेरिकेत स्वतःची कहाणी घेऊन येणं मराठी माणसाला नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या दोन बायकांनी ते आजच्या कोचांपेक्षा कितीतरी ताकदीने केलं. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भर सभेत आपण का जातोय हे सांगितलं. लोकांचे आक्षेप त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. वय अठराही नव्हतं. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या तेव्हा समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

रमाबाईंचं उदाहरण या सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी जातं. गावोगाव पुराण सांगून पोट भरणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी. दुष्काळात आई-वडील गेले, पुढे नवराही गेला. श्रोता कसा बांधायचा हे बालपणीच अंगात मुरलेलं. अमेरिकेत 'मी अनाथ, मी विधवा' एवढं सांगून त्यांना हवी तेवढी सहानुभूती मिळाली असती. पण १८८७ साली छापलेलं त्यांचं 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीबद्दल आहे: विवाहाचं वय, केशवपन, जनगणनेतले आकडे, आणि शाळेची योजना. अर्पण केलंय आईला, जिने त्यांना संस्कृत शिकवलं. रमाबाईंच्या आयुष्याची हकीकत प्रस्तावनेत आहे आणि ती लिहिली रेचल बॉडली यांनी, आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीननी. स्वतःबद्दल दुसऱ्याने साक्ष द्यायची आणि स्वतः इतरांबद्दल बोलायचं, ही वाटणी मला अतिशय चतुर वाटते. त्या वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, १८८८ साली रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाऊन पोचल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. किंमतही मोजावी लागली. बॉस्टनमध्ये जिने मदत उभी केली तीच कहाणी पुण्यात 'देशाची बदनामी' ठरली, आणि सदनातल्या धर्मांतराच्या वादात 'केसरी'ने त्यांना सोडलं नाही. एका श्रोत्यासाठी बेतलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर जातेच, आणि आता तर ती त्याच मिनिटाला जाते.

दुसरं टोक सांता क्लारातच आहे. इंटेलचे अँडी ग्रोव्ह १९३६ साली बुडापेस्टला जन्मले. नाझींच्या काळात खोट्या नावाने लपले, १९५६च्या उठावानंतर सरहद्द ओलांडून पळाले, न्यूयॉर्कला पोचले. आजच्या कुठल्याही कोचला अशी कहाणी मिळाली तर तो पहिल्या दिवशी ती प्रोफाइलवर टाकायला लावेल. ग्रोव्ह यांनी ती कित्येक वर्षं जाहीरपणे सांगितलीच नाही. १९९७ साली 'टाइम'ने त्यांना वर्षाचा मानकरी निवडलं तेव्हा ती बऱ्याच जणांना कळली, आणि त्यांनी स्वतः लिहिली ती २००१ मध्ये. गंमत अशी की ते पुस्तक इंटेल सुरू होण्याआधीच संपतं. आईवडील, शाळा, कान अधू करणारं लहानपणचं दुखणं, मित्र, सगळे त्यात आहेत. ज्या कंपनीमुळे वाचक पुस्तक उघडतो, ती नाही. अर्थात ग्रोव्ह यांना हे परवडलं. कामानेच नाव झालेलं होतं. नोकरी शोधणाऱ्याला 'पंचवीस वर्षं थांब' सांगणं हा चेष्टेचा सल्ला होईल.

ॲडिसन ॲव्हेन्यूच्या गॅरेजकडे पुन्हा पाहिलं तर तिथेही एक माणूस गाळलेलं दिसतं. सुरुवातीचं भांडवल ५३८ डॉलर, हे सगळीकडे असतं. पहिल्या यंत्राला '२००ए' असा क्रमांक दिला तो कंपनी नवखी वाटू नये म्हणून, हेही पॅकार्ड यांनी पुढे मिश्कीलपणे सांगितलं. घरात नियमित पगार येत होता तो मात्र ल्यूसिल पॅकार्ड यांचा. त्या स्टॅनफर्डच्या कार्यालयात नोकरी करत, आणि यंत्राच्या पत्र्यांवरचा रंग त्यांच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजून पक्का व्हायचा. पाटीवर फक्त पुरुषांची नावं आहेत.

आजच्या व्हॅलीत ल्यूसिलच्या जागी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या बायका आहेत, आणि त्यांची स्थिती उलटी आहे: पगार आणायची त्यांना परवानगीच नव्हती. २६ मे २०१५ पासून काहींना ती मिळू लागली, तीही नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचल्यावर. पुण्या-मुंबईत, नागपुरात इंजिनिअर, आर्किटेक्ट, डेंटिस्ट असलेल्या बाईच्या बायोडेटात मग चार, सहा, आठ वर्षांचा खड्डा पडतो. त्या वर्षांत तिने मराठी शाळेचे वर्ग घेतलेले असतात, मंडळाच्या गणपतीचा हिशेब सांभाळलेला असतो, नवऱ्याच्या स्टार्टअपचं पहिलं टिपण तपासलेलं असतं. नवऱ्याच्या गोष्टीत हे 'घरच्यांचा पाठिंबा' या दोन शब्दांत उरकतं. तिला स्वतःची गोष्ट सांगायची तर हाच मजकूर नावं, रकमा आणि साक्षीदार यांच्यासकट मांडता येतो: किती मुलांची शाळा, किती डॉलरचा उत्सव, कुणाला विचारून खात्री करता येईल. मंडळाच्या खजिनदाराचं पत्र कुठल्याही कोचने लिहून दिलेल्या परिच्छेदापेक्षा वजनदार असतं.

लिंक्डइनने मार्च २०२२ मध्ये करिअरमधल्या खंडासाठी स्वतंत्र रकाना दिला. कारणांच्या यादीत मूल वाढवणं, आजारी माणसाची शुश्रूषा, प्रवास, स्थलांतर असे पर्याय आहेत. सरकारने काम करू दिलं नाही, असा पर्याय नाही. तेव्हा 'स्थलांतर' निवडावं आणि खाली एका ओळीत नियमाचं नाव आणि वर्ष लिहावं. मुलाखत घेणारा भारतीय असला तर त्याला पुढचं विचारावं लागत नाही. त्याच्याही घरी ती वर्षं कुणीतरी काढलेली असतात.